अकरावीत अडतो तो शब्द

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथल्या कनिष्ठ महाविद्यालयांत सायन्सचे वर्ग भरतात. बाकांवर बसलेल्यांपैकी बरीच मुले जिल्हा परिषदेच्या शाळांतून, गावच्या मराठी माध्यमाच्या विद्यालयांतून किंवा पश्चिमेकडच्या आश्रमशाळांतून आलेली असतात. दहावीला त्यांना विज्ञानात चांगले गुण असतात, म्हणून तर ती इथे आलेली असतात. पण पहिल्या महिन्यातच काहींचे डोळे फळ्यावरून वहीकडे आणि वहीवरून खिडकीकडे वळू लागतात. दिवाळीच्या आसपास एखादी मुलगी आर्ट्सला बदलून घेते, एखादा मुलगा नाव कायम ठेवून यायचे बंद करतो. घरी सांगितले जाते, ‘त्याला सायन्स झेपलं नाही.’

हे वाक्य आपण फार सहज बोलतो. झेपले नाही ते नक्की काय? मार्चपर्यंत ज्याला प्रकाशसंश्लेषण समजावून सांगता येत होते, त्याला जुलैत फोटोसिंथेसिस का कळेनासे होते? त्वरण काढता येणारी मुलगी अ‍ॅक्सिलरेशनला का अडते? वनस्पती तीच आहे, चेंडूही त्याच वेगाने खाली पडतो आहे. मधल्या सुट्टीत बदलली ती भाषा. मराठी माध्यमातल्या मुलाला दहावीपर्यंतचे विज्ञान मराठीत भेटते. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेची पुस्तके आणि शिकवणे इंग्रजीत असते. मधे पूल नाही. मुलाने उडी मारावी अशी अपेक्षा आहे, आणि उडी चुकली की आपण त्याच्या बुद्धीचे माप काढतो.

माझे म्हणणे साधे आहे. या मुलांना शास्त्र अडवत नाही, शब्द अडवतात. शब्द कसे शिकवावेत याविषयी स्मरणाच्या शास्त्राला आज बरेच काही पक्के ठाऊक आहे. ते वापरले तर आठवी ते दहावी या तीन वर्षांत, रोजच्या पंधरा मिनिटांत हा पूल बांधता येतो. त्यासाठी स्मार्ट बोर्ड लागत नाही, पुण्याची शिकवणीही लागत नाही.

पाचातला एक शब्द

आधी या मुलांच्या जागी बसून पाहू. पुढचे वाक्य वाचा: ‘पाण्याचे तापमान झुमरले की त्यातला वायू कमी विरपतो, टरवी उन्हाळ्यात तळ्यातल्या माशांना श्वास घेणे कठीण जाते.’

सोळा शब्दांतले तीनच शब्द मी खोटे घातले आहेत. तापमान, वायू, श्वास हे जड वाटणारे शब्द तुम्हाला कळले. अडलात ते साध्या शब्दांवर. ‘झुमरले’ म्हणजे वाढले की घटले? वायू ‘विरपतो’ म्हणजे काय करतो? ‘टरवी’ म्हणजे ‘म्हणून’ की ‘तरीही’? अंदाजाने अर्थ लागलाही असेल, पण असे संपूर्ण पान वाचायचे आणि त्यावर परीक्षा द्यायची म्हटले तर? अकरावीच्या वर्गात मुलांचे नेमके असेच होते. ‘टेम्परेचर’ आणि ‘गॅस’ त्यांना माहीत असतात. ‘इन्क्रीज’, ‘डिझॉल्व्ह’, ‘देअरफोर’ इथे पाऊल घसरते.

मार्सेला हू आणि पॉल नेशन या दोन अभ्यासकांनी २००० साली असाच प्रयोग केला. इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी एक गोष्ट वाचायला दिली आणि तिच्यातले काही शब्द काढून त्या जागी निरर्थक शब्द घातले. शंभरातले ऐंशी शब्द ओळखीचे असताना कुणालाच गोष्ट नीट कळली नाही. नव्वद-पंचाण्णववर काहींना कळली. कुणाची मदत न घेता, आरामात वाचायचे तर शंभरातले सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. याचा अर्थ पन्नास शब्दांमागे एक अनोळखी शब्द चालतो, पाचामागे एक चालत नाही.

इथे कुणी विचारेल, पहिलीपासून इंग्रजी आहे ना? आहे. महाराष्ट्राने २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. तेव्हा अकरावीत येणाऱ्या मुलाच्या मागे इंग्रजीची दहा वर्षे असतात. पण त्या वर्षांत वाचता येणे आणि अर्थ कळणे या दोन गोष्टी वेगळ्याच राहिल्या. ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात देशातल्या २८ जिल्ह्यांतली १४ ते १८ वयाची मुले तपासली होती. इंग्रजी वाक्ये वाचता येणारी मुले ५७.३ टक्के निघाली, आणि त्यांच्यापैकी अर्थ सांगता येणारी ७३.५ टक्के. गुणाकार केला तर शंभरातली बेचाळीस. उरलेल्यांपैकी काहींना अक्षरे येतात आणि उच्चारही येतो, फक्त शब्दामागचा अर्थ हाती लागत नाही.

विसरण्याचेही शास्त्र आहे

आपल्या वर्गांत शब्द शिकवायची एक ठरलेली रीत आहे. धडा वाचायचा, अवघड शब्द फळ्यावर लिहायचे, समोर मराठी अर्थ लिहायचा, मुलांनी तो उतरवून घ्यायचा, आणि घरी प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आणायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा धडा आणि दुसरे शब्द. मागचे शब्द परत भेटतात ते चाचणीच्या आदल्या रात्री.

या रीतीत मेहनत भरपूर आहे, पण ती चुकीच्या जागी पडते. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने निरर्थक अक्षरगट पाठ केले आणि ते किती वेळाने किती विसरतात हे मोजले. विसरणे सुरुवातीच्या तासांत आणि पहिल्या दिवसांत सर्वांत वेगाने होते आणि मग मंदावते, हे त्याला दिसले. दुसरी गोष्ट त्याहून कामाची होती. एकाच बैठकीत केलेल्या उजळण्यांपेक्षा मधे दिवस टाकून केलेल्या उजळण्या जास्त टिकतात.

शब्दांच्या बाबतीत हे किती खरे आहे, ते अमेरिकेतल्या बाहरिक कुटुंबाने दाखवले. या घरातल्या चौघांनी परक्या भाषेतले तीनशे शब्द पाठ केले आणि काही वर्षे ठरावीक अंतराने त्यांची उजळणी केली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात एक ठळक निष्कर्ष आहे. ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्यांनी जेवढे लक्षात राहिले, साधारण तेवढेच लक्षात राहण्यासाठी १४ दिवसांच्या अंतराने २६ उजळण्या कराव्या लागल्या. अंतर वाढवले आणि कष्ट निम्मे झाले. भाताच्या खाचराला एका दिवशी धरणभर पाणी देऊन भागत नाही, वेळेवर पाळ्या द्याव्या लागतात. शब्दांचेही तेच आहे.

आता उजळणी म्हणजे काय, हा प्रश्न येतो. वहीतला शब्द आणि अर्थ पुन्हा पाहणे ही उजळणी कमी प्रतीची. अर्थ झाकून तो आठवण्याचा प्रयत्न करणे ही खरी उजळणी. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. शिक्षकांची आणि पालकांची फसगत इथेच होते. दहा वेळा लिहून आणलेला शब्द त्याच दिवशी विचारला तर मुलाला येतो, सगळ्यांना बरे वाटते, आणि महिन्याने तो गेलेला असतो. अडखळत, डोके खाजवत आठवलेला शब्द त्या दिवशी कच्चा वाटतो, पण तोच टिकतो.

झोपेचाही यात वाटा आहे. निकोला द्यूमे आणि गॅरेथ गॅस्केल यांनी २००७ साली दाखवले की नव्याने ऐकलेला शब्द मेंदूतल्या जुन्या शब्दांच्या जाळ्यात मिसळायला झोप लागते. दिवसभराचे बारा तास जाऊन ते घडले नाही, रात्रीची झोप झाल्यावर घडले. आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत पहाटे चारला उठून पाठांतर करायचा प्रघात असेल तर त्याचा फेरविचार व्हायला हवा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असे निद्रावैद्यक सांगते. झोपेतून काढलेला तास अभ्यासाच्या खात्यात जमा होतोच असे नाही. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे शब्द आठवून पाहणे आणि वेळेवर झोपणे हा सौदा जास्त फायद्याचा आहे.

कोणते शब्द, किती शब्द

इंग्रजीत लाखो शब्द आहेत, मग शिकवायचे कोणते? या प्रश्नाचे एक जुने उत्तर आपल्याच उपखंडातल्या अनुभवावर उभे आहे. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यायला आधी थोडे पण नेहमी लागणारे शब्द हवेत, हे त्यांनी वर्गांत पाहिले आणि तशी वाचनपुस्तके लिहिली. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. कोणत्याही सामान्य इंग्रजी मजकुरातले सुमारे ऐंशी टक्के शब्द या यादीतले असतात. २००० साली न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी पुढचा टप्पा गाठला. विद्यापीठीय लेखनात सगळ्याच विषयांत पुन्हा पुन्हा येणारे ५७० शब्दगट त्यांनी निवडले. अ‍ॅनालिसिस, फंक्शन, प्रोसेस, सिग्निफिकंट अशा शब्दांचा हा संच अभ्यासाच्या मजकुराचा सुमारे दहा टक्के भाग व्यापतो. त्यापुढे उरतात ते त्या त्या विषयाचे खास शब्द.

गंमत अशी की विषयाचे खास शब्दच मुलांना सर्वांत सोपे जातात, कारण त्यांची संकल्पना मराठीत आधीच पक्की झालेली असते. फोटोसिंथेसिस हे नवे नाव जुन्या ओळखीच्या माणसाला चिकटवायचे असते. बालभारतीच्या अलीकडच्या विज्ञानाच्या पुस्तकांत अशा अनेक पारिभाषिक शब्दांशेजारी कंसात इंग्रजी शब्द छापलेलाही असतो. पण तो परीक्षेत कुणी विचारत नाही, म्हणून वर्गात कुणी वाचत नाही. पूल बांधायचे सामान पुस्तकात येऊन पडले आहे आणि आपण ते ओलांडून पुढे जातो.

हिशेब करून पाहू. दिवसाला चार नवे शब्द, आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे पस्तीस आठवडे. वर्षाला सातशे झाले, आठवी ते दहावीत एकवीसशे. पहिली ते सातवीत आलेले शब्द यात धरलेलेच नाहीत. चार हा आकडा कुणाला फार लहान वाटेल. एका दिवसात वीस शब्द देणारे शिक्षक जास्त कष्टाळू दिसतात. पण वीस देऊन अठरा गमावण्यापेक्षा चार देऊन चार राखणे बरे.

निवडताना एक पथ्य पाळावे. सारखे किंवा उलट अर्थाचे शब्द एकाच दिवशी देऊ नयेत. टिंकहॅम यांनी १९९३ साली आणि वॉरिंग यांनी १९९७ साली हे तपासले. एकाच प्रकारचे शब्द एकत्र दिले तर ते एकमेकांत गुंततात आणि शिकायला जास्त वेळ लागतो. इन्क्रीज आणि डिक्रीज, कॉन्केव्ह आणि कॉन्व्हेक्स, अ‍ॅनोड आणि कॅथोड अशा जोड्या आपण हौसेने एकत्र शिकवतो आणि पुढे वर्षानुवर्षे मूल ‘यातले कोणते कुठले?’ म्हणून चाचपडते. आधी एक पक्का करावा, दोन-तीन आठवड्यांनी दुसरा आणावा.

घरात आलेले इंग्रजी

या दोन तालुक्यांतल्या मुलांना इंग्रजी परके आहे असे आपण समजतो. पूर्वेकडच्या बागायती गावांत शेतकऱ्याच्या घरात एक दिवस बसून ऐका. ड्रिप, व्हॉल्व्ह, स्टार्टर, फ्यूज, मल्चिंग पेपर, नर्सरी, हायब्रीड, स्प्रे. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात भाव क्रेटवर बोलला जातो. मंचरच्या बाजारात आणि सातगाव पठारावर बटाट्याचे ग्रेडिंग होते. खोडदला जगभरातले खगोलशास्त्रज्ञ वापरतात ती रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना शेताशिवारांत पसरलेल्या. राष्ट्रीय विज्ञान दिनी तिथे भरणाऱ्या प्रदर्शनाला परिसरातल्या शाळा जातात. रेडिओ, सिग्नल, डिश, फ्रीक्वेन्सी हे शब्द या मुलांच्या कानांवर शहरातल्या मुलांआधी पडू शकतात.

मग अडते कुठे? हे शब्द घरात ज्या अर्थाने येतात, तो पुस्तकातला अर्थ नसतो. आपल्याकडे ‘सेल’ म्हणजे बॅटरीतला सेल, नाहीतर दिवाळीत कपड्यांचा सेल. जीवशास्त्रातला सेल म्हणजे पेशी. ‘करंट’ म्हणजे मोटारीला हात लागला की बसणारा झटका. ‘पॉवर’ चष्म्याची असते किंवा पुढाऱ्याची. ‘सोल्यूशन’ पंक्चरवाल्याकडे ट्यूबमध्ये मिळते. रसायनशास्त्राच्या तासाला सोल्यूशन म्हणजे द्रावण हे कुणी मुद्दाम सांगितले नाही, तर मुलाच्या डोळ्यांपुढे पंक्चरचे दुकानच येणार. शिक्षकाने या ओळखीच्या शब्दांपासूनच सुरुवात करावी. सोल्यूशन म्हणजे काय, असे विचारावे, पंक्चरवाल्याचे उत्तर येऊ द्यावे, वर्गाला हसू द्यावे आणि मग दुसरा अर्थ त्याच्या शेजारी ठेवावा. शब्द आणि आवाज दोन्ही आधीच मुलाचे आहेत, अर्थाचा एक पदर तेवढा वाढवायचा आहे.

पश्चिमेकडे, भीमाशंकर, आहुपे, नाणेघाटाच्या बाजूला गोष्ट थोडी वेगळी आहे. महादेव कोळी, ठाकर, कातकरी मुलांच्या घरची बोली आणि पुस्तकातली मराठी यांत आधीच एक पायरी आहे. त्यावर इंग्रजीची दुसरी. इथल्या मुलाला राब म्हणजे काय, आवणी कधी करायची, हिरडा कोणत्या अवस्थेत गोळा करून वाळवायचा हे पुस्तक न उघडता माहीत असते. त्याच्याकडे वनस्पतिशास्त्र आहे, फक्त त्यावरच्या पाट्या वेगळ्या आहेत. पण वर्गात त्याच्या शब्दाला ‘अशुद्ध’ म्हटले की तो शब्दासोबत त्यामागचे ज्ञानही गिळून टाकतो. आवणी, पुनर्लागवड आणि ट्रान्सप्लांटेशन हे तीन शब्द एका ओळीत फळ्यावर यायला काय हरकत आहे? घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळांत असा तीन रकान्यांचा तक्ता वर्षभरात मुलांनीच भरत नेला, तर त्याहून चांगला शब्दकोश कुठला?

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल की ही घोकंपट्टीच झाली. घोकंपट्टीत मूल डोळ्यांसमोरची गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणते. इथे ते न दिसणारी गोष्ट आठवते आणि तिचे वाक्य करते. शब्द नुसता अर्थासह आला तर अर्धाच आला. ‘डिझॉल्व्ह’ शिकवल्यावर ‘साखर पाण्यात विरघळते’ हे वाक्य इंग्रजीत करता आले पाहिजे आणि समोर पेल्यात साखर विरघळली पाहिजे.

दुसरा आक्षेप शहरातून येतो. मराठी अर्थ देऊच नका, मुलांना इंग्रजी वातावरणात ठेवा. ऐकून-वाचून शब्द शिकता येतात हे खरे, पण त्यासाठी तोच शब्द किमान आठ-दहा वेळा, वेगवेगळ्या ठिकाणी भेटावा लागतो. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या एका तासाबाहेर ज्या मुलाच्या कानावर इंग्रजी वाक्य पडत नाही, त्याला हे वातावरण कुठून आणणार? त्याच्यासाठी मराठीतला अर्थ ही सर्वांत जवळची वाट आहे. ती बंद करून आपण त्याला वळसा घ्यायला लावतो.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: पूल बांधण्यापेक्षा अकरावी-बारावीचे विज्ञानच मराठीत का आणू नये? जरूर आणावे. २०१७ पासून नीटची आणि २०२१ पासून जेईई मेनची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, मग त्या परीक्षांची तयारी करणाऱ्या वर्गात मराठीला मज्जाव का, हा प्रश्न रास्तच आहे. पण धोरण बदलायला जी वर्षे लागतील तेवढ्यात कितीतरी मुले त्या वर्गांतून बाहेर पडलेली असतील. शिवाय मराठीतून शिकलेल्या परिचारिकेला, तंत्रज्ञाला, कृषी पदवीधराला इंग्रजी वाचावे लागणारच आहे. औषधाच्या बाटलीवर ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ असे छापलेले असते तेव्हा ते चार शब्द कळणे हा आरोग्याचा प्रश्न असतो.

चौथे म्हणणे पालकांचे: बालवाडीपासूनच इंग्रजी माध्यम घ्या, कटकट मिटेल. माध्यम बदलल्याने शब्द आपोआप येत नाहीत. अर्थ न कळता घडाघडा वाचणारे मूल इंग्रजी माध्यमातही असते, आणि त्याच्याकडे तर मराठीत पक्क्या झालेल्या संकल्पनेचाही आधार नसतो. फी भरण्यापूर्वी पालकांनी एक करून पाहावे. मुलाच्या पुस्तकातले एक पान उघडावे आणि त्यातली गोष्ट त्याला आपल्या भाषेत सांगायला लावावी.

उद्यापासून काय करता येईल

जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर याने १९७२ साली एक साधी पेटी सुचवली, ती आपल्या शाळांना फार सोयीची आहे. पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, त्याचे पाच कप्पे करावेत. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या कराव्यात. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि एक वाक्य. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात जाते, तो रोज विचारायचा. उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकले की पुन्हा पहिल्यात. दुसरा कप्पा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा महिन्याने, पाचवा तीन महिन्यांनी. पक्के शब्द आपोआप मागे सरकतात आणि कच्चे शब्द समोर राहतात. प्रत्येक मुलाची पेटी वेगळी, कारण प्रत्येकाचे विसरणे वेगळे. मुलांनी जोडीजोडीने एकमेकांना विचारायचे. शिक्षकांचे काम शब्द निवडण्याचे आणि उच्चार-वाक्य तपासण्याचे. परिपाठानंतर पंधरा मिनिटे मिळाली तरी पुरेत.

मुख्याध्यापकांनी आठवी ते दहावीच्या विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांना या कामात घ्यावे. शब्द हा एकट्या इंग्रजीच्या सरांचा विषय नाही. धडा मराठीतच शिकवावा आणि कंसातले पाच-सहा शब्द पेटीत टाकावेत. घटक चाचणीत दोन गुण या शब्दांना ठेवले तरी वर्ग ते गंभीरपणे घेईल.

कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीचे पहिले चार आठवडे पुलासाठी द्यावेत. पहिल्याच दिवशी पन्नास शब्दांची छोटी चाचणी घ्यावी. ती गुणांसाठी नको, मूल कुठे उभे आहे हे कळण्यासाठी हवी. नव्या प्रकरणाच्या आधी वीस शब्दांची मराठी-इंग्रजी यादी द्यावी, त्यात ‘देअरफोर’, ‘व्हेअरअ‍ॅज’, ‘रिस्पेक्टिव्हली’ यांसारखे जोडशब्द जरूर असावेत. शिकवताना एक वाक्य मराठीत आले म्हणून विज्ञानाचा दर्जा घसरत नाही.

आणि घरी आई-वडिलांना इंग्रजी येत नसले तरी अडत नाही. चिठ्ठीची अर्थाची बाजू आपल्याकडे धरायची आणि मुलाला म्हणायचे, सांग बघू. त्याने सांगितलेला अर्थ आणि मागे मराठीत लिहिलेला अर्थ जुळतो का, एवढेच पाहायचे. ऊस, टोमॅटो, जनावरे, बाजार यांतून रात्री जेवणानंतर दहा मिनिटे काढणारी आई त्या दहा मिनिटांत एका शिक्षकाचे काम करते.

दिवाळीत सायन्स सोडून घरी येणाऱ्या मुलीला ‘तुला झेपलं नाही’ म्हणण्याआधी तिच्या पुस्तकाचे एक पान तिच्याकडून वाचून घ्या आणि न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा. प्रत्येक ओळीत दोन-तीन रेघा असतील, तर तिला शाखा बदलायची गरज नाही. तिला ते शब्द हवे आहेत आणि ते शिकवता येतात.